मोज्यातून खणात

आई-बाबांनो, आज जरा धारदार विषय काढते आहे. पण आधी एक गोष्ट ऐका, मग रागवा.

गेल्या वर्षी दिवाळीच्या आवराआवरीत मुलाच्या कपाटात, गणवेशाच्या मागे, मला एक मोजा सापडला. फुटबॉलचा लांब मोजा, तोंडाला गाठ मारलेली. उचलला तर जड लागला आणि आत काहीतरी खणखणले. गाठ सोडून पलंगावर उपडा केला आणि मी तिथेच मटकन बसले. चाकू! घडीचे, मिटलेले, लहानमोठे. मोजले, नऊ भरले.

मुलगा तेव्हा नववीत होता. पुण्यात राहणाऱ्या आईच्या डोळ्यांपुढे अशा वेळी काय येते ते सांगायला नको. कोयत्यांच्या बातम्या आपण सगळेच वाचतो. संध्याकाळी नवरा कामावरून आला. तो भोसरीत एका टूलरूममध्ये आहे, धारेची किंमत त्याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. पलंगावरची रास पाहून तो एवढेच म्हणाला, "उद्याच्या उद्या भंगारात."

क्लासवरून मुलगा आला. दारातच थबकला. मला वाटले, आता खोटे बोलेल, नाहीतर आरडाओरडा करेल. त्याने दोन्हींतले काहीच केले नाही. हळूच म्हणाला, "त्यातला लाकडी मुठीचा आजोबांचा आहे. तो तरी टाकू नका."

त्या एका वाक्याने आमची रात्र वाचली. तो चाकू माझ्या वडिलांचा, देवगडचा. कलमे बांधायचा. मूठ हाताच्या घामाने काळी पडलेली, पाते इतक्या वेळा दगडावर लावलेले की मूळच्या रुंदीचे निम्मेच उरलेले. माझ्या लहानपणी तो सदैव त्यांच्या बंडीच्या खिशात असे. वडिलांनी तो नातवाला सुट्टीत दिला होता आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

"बाकीचे?" मी विचारले. मग तो बोलायला लागला आणि अर्धा तास थांबला नाही. महिनाभरात हा मुलगा आमच्याशी एवढे बोलला नव्हता. लाल मुठीचा स्विस चाकू मामाने राजगडच्या ट्रेकनंतर दिलेला. माशाच्या आकाराचा पितळी चाकू जत्रेतला. एक औषध कंपनीच्या जाहिरातीचा, बाटलीचे झाकण उघडायची सोय असलेला. शिंगाच्या मुठीचा आणि पिवळट, शिंपल्यासारख्या चमकत्या मुठीचा असे दोन जुन्या बाजारातले. बीचच्या लाकडाच्या मुठीचा फ्रेंच ओपिनेल आतेभावाने आणलेला. एक साधा फळे कापायचा. आणि एक रामपुरी, खटका दाबला की सट्‍कन उघडणारा.

"मग लपवलेस कशाला?"

"तुम्ही टाकून द्याल म्हणून."

आणि आम्ही टाकायलाच निघालो होतो! खरे सांगते, त्या क्षणी मला उत्तर सुचले नाही.

*

पुढे जाण्याआधी एक गोष्ट ठासून सांगते. चाकू जमवणारा प्रत्येक मुलगा आमच्या मुलासारखाच असेल असे मुळीच नाही. मूल अलीकडे फार चिडते, गप्प गप्प राहते, हातावर ओरखडे दिसतात, शाळेत कुणाचा दबाव आहे, कुणाला 'दाखवतो तुला' असे बोलून गेले आहे, दप्तरातून चाकू शाळेत नेला आहे, यांतले एक जरी दिसले तर छंदबिंद बाजूला ठेवा. घरातली पाती मुलाच्या हाताबाहेर न्या आणि समुपदेशकाशी बोला. सरकारची टेली-मानस ही हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर आहे, तिथे मराठीतही बोलता येते. यात लाजण्यासारखे काही नाही. मी पुढे जे सांगते आहे ते अशा घरांसाठी नाही.

पण ज्या घरात मूल चाकूकडे वस्तू म्हणून पाहते, त्याची मूठ, त्याची कमान, त्याचा देश, त्याचा कारागीर यांत रमते, तिथे आपण काय करायचे? आपल्याला दोनच रस्ते दिसतात, टाकून देणे किंवा कुलपात कोंबणे. दोन्हींत मूल एकच गोष्ट शिकते, की आपल्या आवडीची वस्तू वाईट आहे आणि पुढच्या वेळी मोजा अधिक आत लपवायचा. त्या रात्री नवऱ्याने एक कामाची गोष्ट सांगितली. त्यांच्या टूलरूममध्ये हत्यारे खणात टाकत नाहीत, फळीवर टांगतात, आणि प्रत्येक हत्यारामागे त्याच आकाराची रंगवलेली सावली असते. पाना जागेवर नसला की सावली उघडी पडते. पाळी सुटताना सुपरवायझर एक नजर टाकतो, झाली मोजणी. "मोज्यातले नऊचे आठ झाले असते, तर तुला कधी कळले असते?" त्याने विचारले. मला कधीच कळले नसते.

म्हणजे चाकू लपवण्यात सुरक्षितता नव्हतीच. ती मांडण्यात होती. भंगाराची भाषा करणाऱ्या माणसानेच हा मार्ग काढला, हे मी त्याला अजून ऐकवते.

*

मांडायचे म्हणजे कसे, हे पाहायला आम्ही नाताळच्या सुट्टीत बाजीराव रस्त्यावरच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात गेलो. पुण्यात राहून मी तिथे शाळेच्या सहलीनंतर गेले नव्हते! दिनकर केळकरांनी १९२० च्या सुमारास वस्तू जमवायला सुरुवात केली आणि पुढे सारा संग्रह राज्य सरकारच्या हवाली केला. लहानपणीच गेलेल्या आपल्या मुलाचे, राजाचे, नाव त्यांनी संग्रहालयाला दिले. तिथे वीस हजारांवर वस्तू आहेत, पण मांडलेल्या असतात त्यातल्या अडीच हजारांच्या आसपास. हे ऐकून मुलगा म्हणाला, "म्हणजे सगळे एकदम दाखवायचे नसते." मी मनात म्हटले, चला, तिकिटाचे पैसे वसूल.

तो सगळ्यात जास्त रेंगाळला अडकित्त्यांपाशी. अडकित्ता म्हणजे तरी काय, दोन दांड्या आणि एक पाते. पण कुणी त्याचा पोपट केला आहे, कुणी घोडा, कुणी माणसांची जोडी. सुपारी कातरायच्या हत्यारावर कुणीतरी इतका जीव लावला आणि दुसऱ्या कुणीतरी ते जपून मांडले. काचेमागची ती पाती पाहून मला भीती वाटली नाही. मांडणीत धारेचा दरारा उतरतो आणि हाताची करामत वर येते.

घरी येऊन आम्ही कामाला लागलो. हातात बजेट नव्हते, आणि मुद्दाम ठेवलेही नव्हते. विकतची काचपेटी आणली असती तर ती भिंतीवर लागली असती आणि विषय संपला असता. स्वतः केल्याने आम्ही तिघे सलग चार रविवार एका टेबलाभोवती बसलो. दहावीच्या तोंडावरच्या मुलाबरोबर चार रविवार! याचा हिशेब तुम्हीच करा.

पहिला प्रयत्न फसला, तोही सांगते. थर्माकोलच्या फळीवर दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप लावून चाकू चिकटवले. दिसले झकास. रात्री दोनच्या सुमारास धप्‍कन आवाज झाला आणि पितळी मासा जमिनीवर! शेपटीला पोचा आला. धडा पहिला, जपायच्या वस्तूला काहीही चिकटवायचे नाही. वस्तू बसली पाहिजे, अडकली पाहिजे, चिकटता कामा नये. चिकटपट्टीचा डिंक शिंगाच्या मुठीवरून काढताना मुलाच्या नाकी नऊ आले, ते वेगळेच.

मग माळ्यावरून जुन्या ड्रेसिंग टेबलचा खण काढला. टेबल कधीच मोडीत गेले होते, खण मात्र सागवानी म्हणून सासूबाईंनी ठेवला होता. साधारण पंचेचाळीस सेंटीमीटर लांब, पस्तीस रुंद, नऊ खोल. तो उभा करून भिंतीला लावला की झाली पेटी. खणाच्या तळाला आम्ही काय लावले? ओटीत आलेला लाल सुती खण! प्रत्येकीच्या कपाटात असे न शिवलेले पाच-दहा खण पडलेले असतातच. खणात खण, असे म्हणून आम्ही तिघे खूप हसलो. लाल रंग मात्र विचार करून घेतला होता, का ते सांगते.

लाल कापडावर फोमचा थर. लहान मुलांच्या खोलीत अंथरतात त्या एकमेकांत अडकणाऱ्या चौकोनी चटया असतात ना, त्या ईव्हीए फोमच्या असतात. शेजारच्या बाळाने त्या दातांनी कुरतडून निकालात काढल्या होत्या, त्यातले दोन निळे चौकोन मिळाले. आधी वर्तमानपत्रावर चाकू ठेवून कडेने पेन्सिल फिरवली, आकार कापले आणि ते कागदी चाकू खणात इकडून तिकडे सरकवत बसलो. हे फुकटचे काम सगळ्यात महत्त्वाचे. मोठा मध्ये की कडेला, तिरपे की सरळ, देशाप्रमाणे की वयाप्रमाणे, यावर दोन दिवस वाद झाला. शेवटी ठरले, आजोबांचा मधोमध, बाकीचे घरात आले त्या क्रमाने भोवती.

नंतर आकार फोमवर उतरवले. कापताना रेघेच्या आतून, दोन-एक मिलिमीटर कमी कापायचे, म्हणजे चाकू दाबून बसतो. कटर बाबांच्या हातात, मग बाबांच्या नजरेखाली मुलाच्या. खाली प्लायचा तुकडा, धार अंगापासून दूर, डावा हात पात्याच्या वाटेत नाही, एका दमात खोल न जाता तीन हातांनी. तीन हात म्हणजे तीन वेळा हलके ओढणे, ही टूलरूमची बोली! घडीचा चाकू जपायला शिकताना मुलगा चाकू धरायलाच शिकत होता, हे माझ्या उशिरा लक्षात आले. जड चाकूंना सुती नाडीचा एक फास आधाराला दिला. रबरबँड लावू नका. त्यातल्या गंधकाने पितळ आणि चांदी काळवंडते आणि वर्षभरात रबर वितळून मुठीला चिकटते.

आता लाल रंगाचे रहस्य. चाकू जागेवर असला की निळा फोम आणि चाकू एवढेच दिसते. काढला की त्याच्याच आकाराची लालभडक खाच उघडी पडते, पडलेल्या दातासारखी. खोलीच्या दारातून, चष्म्याशिवायसुद्धा कळते. पेटीत अलार्म नाही, कॅमेरा नाही, आणि पोराच्या कपाटात मला डोकवावेही लागत नाही.

खणाच्या तोंडाला काचेऐवजी तीन मिलिमीटरचा अ‍ॅक्रिलिकचा तुकडा कापून आणला, कारण फुटली तर काचच आधी कापेल. एका बाजूला दोन बिजागऱ्या, दुसऱ्या बाजूला कडी-कोयंडा आणि छोटे कुलूप. आमचे एकूण चारशे दहा रुपये गेले, त्यातले निम्म्याहून जास्त अ‍ॅक्रिलिकचे. भिंतीत चार रावळ प्लग आणि लांब स्क्रू, कारण खण, चाकू, फोम मिळून वजन तीन किलोच्या घरात जाते. पलंगाच्या किंवा अभ्यासाच्या टेबलाच्या वर टांगू नका, आणि ऊन येणाऱ्या भिंतीवर तर नकोच. उन्हाने शिंग आणि हाड तडकते.

एक चूक इथेही झाली. कापड आणि फोम फेविकॉलने चिकटवून त्याच संध्याकाळी उत्साहाने कुलूप लावले. आठवड्याने पाहतो तर पितळी मासा मंद पडलेला आणि आजोबांच्या पात्यावर तांबूस ठिपके. ओल्या डिंकाचा दमट, आंबट वास बंद पेटीत कोंडला होता. तेव्हा डिंक आणि फोम दोन्ही चार दिवस उघड्यावर वारा खाऊ द्या, वास गेला की मगच चाकू आत ठेवा.

*

भांडण झाले ते एकाच मुद्द्यावर. मुलाला चाकू अर्धे उघडून मांडायचे होते. "मिटलेला चाकू म्हणजे नुसती मूठ, आई. पाते दिसले नाही तर त्यात काय आहे?" त्याचे चूक नव्हते. पण उघडे पाते भिंतीवर नको, यावर आम्ही ठाम होतो. घरात पाहुण्यांची मुले येतात.

तोड त्यानेच काढली. प्रत्येक चाकू बाबांसमोर उघडून कागदावर ठेवायचा, कडेने पेन्सिल फिरवायची आणि मग आतले तपशील पाहून रेखाटायचे. नऊ चित्रे काढायला त्याला दोन आठवडे लागले. ओपिनेलची फिरणारी कडी, स्विस चाकूच्या पात्यावरची नखाची खाच, पितळी माशाच्या डोळ्याची रिव्हेट. आता प्रत्येक चाकूखाली पोस्टकार्डाच्या अर्ध्या आकाराचे एक कार्ड आहे, वर उघड्या चाकूचे चित्र आणि खाली चार ओळी. आमच्या घरी येणारे लोक चाकूंपेक्षा ती कार्डेच जास्त वेळ पाहतात.

त्या चार ओळींसाठी त्याने वाचले, आणि आम्हालाही वाचावे लागले. स्वित्झर्लंडच्या कार्ल एल्सनरने १८८४ मध्ये इबाख इथे चाकूंचा कारखाना काढला, १८९१ मध्ये सैन्याला पहिले चाकू पुरवले आणि १८९७ मध्ये अनेक कामांच्या ऑफिसर चाकूची नोंदणी केली. १९०९ मध्ये आई वारल्यावर त्याने कारखान्याला तिचे नाव दिले, व्हिक्टोरिया. पुढे न गंजणाऱ्या पोलादासाठीचा 'इनॉक्स' हा शब्द त्याला जोडला आणि झाले व्हिक्टोरिनॉक्स. हे वाचून मुलाने माझ्याकडे पाहिले आणि म्हणाला, "घे, चाकूच्या कंपनीलासुद्धा आईचे नाव आहे." मी काय बोलणार! ओपिनेल फ्रान्समधल्या साव्हॉयच्या डोंगराळ भागातला, १८९० चा. शेतकऱ्याच्या खिशातला चाकू, आकारांना नावे नाहीत, नुसते क्रमांक. आमचा आठ नंबरचा, साडेआठ सेंटीमीटर पात्याचा. ती कडी मात्र १९५५ पासूनची, पाते हातावर मिटू नये म्हणून बसवलेली.

आणि आजोबांच्या कार्डासाठी त्याने देवगडला फोन लावला. कोय कलम कसे करतात ते वडिलांनी त्याला फोनवर समजावले. कोय रुजून आलेले कोवळे, तांबूस पानांचे रोप आडवे छाटायचे, मधोमध चीर द्यायची, हापूसच्या झाडाची काडी दोन्हीकडून तासून पाचरीसारखी करायची, चिरीत बसवायची आणि प्लास्टिकच्या पट्टीने घट्ट बांधायची. "काप एका हातात झाला पाहिजे रे. दोनदा चाकू फिरवलास तर काडी मेली." वडील आता फारसे बोलत नाहीत. त्या दिवशी फोन चाळीस मिनिटे चालला.

*

सगळ्यांकडे सागवानी खण असणार नाही. नसू दे. जुन्या जीन्सचा पाय उसवून त्यावर उभ्या शिवणी मारल्या की ओळीने कप्पे होतात. वर झाकायला पदर ठेवायचा, गुंडाळून नाडी बांधायची. सुतारांकडे पटाशांची अशीच गुंडाळी असते. जागा कमी असणाऱ्यांना किंवा भाड्याच्या घरात भिंतीला भोक पाडता येत नाही त्यांना ही उत्तम. बिस्किटांचा मोठा पत्र्याचा डबा घेऊन त्यात लाल कापड आणि कापलेला फोम बसवला तरी तीच खाचेची युक्ती साधते. जुन्या बाजारात रविवारी-बुधवारी कधी छापखान्यातल्या खिळ्यांच्या लाकडी केस मिळतात. त्यांचे कप्पे चाकूला लहान पडतात, पण मुलीला शंख-शिंपल्यांचा नाद असेल तर डोळे मिटून घ्या. स्वयंपाकघरात सुऱ्यांसाठी लावतात ती चुंबकाची पट्टी मात्र नको. धक्का लागला की चाकू सुटतो, आणि ती कुणाच्याही हाताला खुली असते.

ठेवणीतल्या काही गोष्टी बायकांना दागिन्यांवरून ठाऊक असतात, त्याच इथे लागू. पात्याला शिलाई मशीनच्या तेलाचा बोट पुसल्यासारखा थर द्यायचा. ज्याने फळ कापणार त्याला मात्र ते तेल नको, कोरडे पुसून ठेवायचे. पेटीत सिलिका जेलच्या दोन पुड्या, पावसाळ्यात महिन्याला बदलायच्या. चाकू चामड्याच्या म्यानात घालून वर्षभर ठेवायचा नाही, चामडे ओल धरते आणि ते कमावताना वापरलेली रसायने पाते खातात. आणि ती पिवळट, शिंपल्यासारखी मूठ? जुन्या चाकूंना बऱ्याचदा सेल्युलॉइडची मूठ असते. ते जुने झाले की आतून आम्लाची वाफ सोडते आणि शेजारच्या चाकूंना गंज चढवते. आम्ही तो एकटाच वेगळ्या, भोके पाडलेल्या डबीत ठेवला आहे. पेटीत त्याच्या जागी फक्त कार्ड आहे. माणसांसारखा चाकूंनाही कधी कधी शेजार सोसत नाही, असे नवरा म्हणतो.

नियम आम्ही तिघांनी मिळून लिहिले आणि खणाच्या आतल्या बाजूला चिकटवले. किल्ली आईबाबांकडे. उघडायचे ते मोठे माणूस घरात असताना. नवा चाकू आणायचा तर आधी विचारायचे आणि वहीत नोंद करायची. शाळा, क्लास, मैदान, मित्राचे घर इथे एकही नाही, ट्रेकला एकच, तोही मोठ्यांच्या सॅकमध्ये. विमानाने जायचे तर हातातल्या सामानात मुळीच नाही. खटक्याने उघडणारा घरात नको, म्हणून रामपुरीची स्प्रिंग बाबांनी काढून टाकली. आता तो खटक्याने उघडत नाही, नुसता दिसतो. मुलगा दोन दिवस गाल फुगवून होता, मग त्याने कार्डावर स्वतःच लिहिले, 'निवृत्त'.

कायद्याचेही मुलाला समोर बसवून सांगा. शस्त्र कायदा १९५९ चा. त्याखालच्या नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची, घरकाम, शेती वा उद्योगासाठी नसलेली धारदार हत्यारे शस्त्रांत मोडतात. आमचे सगळे त्याच्या कितीतरी आत आहेत. पण घरात चालते ते रस्त्यावर चालेलच असे नाही. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली मनाई आदेश निघतो तेव्हा सार्वजनिक ठिकाणी चाकू बाळगण्यावर बंदी असते, आणि असे आदेश सणासुदीला, निवडणुकीला सर्रास निघतात. हे आपण सांगितले नाही, तर पोलीस चौकीत कळेल.

*

आता शेवटची गोष्ट. यंदा पंधरा ऑगस्टला जोडून सुट्टी आली, बापलेक देवगडला गेले. मला काम होते, मी घरीच. शनिवारी सकाळी झाडू मारता मारता मान वर केली आणि छातीत धस्स झाले. पेटीच्या मधोमध लाल खाच. एक नंबरचा, आजोबांचा चाकू नाही.

दोघांना फोन लावले. गावाकडे पावसात रेंज कुठली! त्या वीस मिनिटांत माझ्या मनात काय काय आले ते लिहीत नाही, तुम्ही आई-बाप आहात. एवढे रविवार, एवढी कार्डे, एवढे नियम, आणि मी पुन्हा मोज्यापाशी येऊन बसले होते.

मग चष्मा शोधला, किल्ली काढली, कुलूप उघडले. खाचेत, नाडीच्या फासाखाली, एक घडी केलेली चिठ्ठी होती. लांबून मला ती अ‍ॅक्रिलिकवरची चमक वाटली होती. त्याचे अक्षर: 'क्र. १, कामावर. आजोबांकडे, कलमांसाठी. सोमवारी परत. बाबांना विचारले आहे.'

चिठ्ठी ठेवायचा नियम आमच्या यादीत नव्हता.

सोमवारी चाकू परत आला तेव्हा पात्यावर आंब्याच्या चिकाचे काळे डाग होते. मुलाने ते पुसले, पण घासून काढले नाहीत. तेल लावून चाकू जागेवर बसवला आणि चिठ्ठी फेकून न देता वहीत चिकटवली. आजोबांनी त्याच्याकडून सहा कलमे बांधून घेतली, त्यातली चार फुटली आहेत. वहीत 'कुठून', 'कधी' यांच्या शेजारी आता आणखी एक रकाना आहे, 'कोणाकडे'. पट्टी धरून त्यानेच आखला आहे.